ह्यूस्टनला जायचं होतं ती वर्षं

आमच्या आयसीयूतली एक सीनियर सिस्टर ह्यूस्टनला गेली आणि काही महिन्यांनी तिनं मला तिथून एक फोटो पाठवला. उंच इमारतींचा नव्हता, चकचकीत रस्त्यांचाही नव्हता. हॉस्पिटलच्या जेवणघरात ती खुर्चीवर बसली होती, पुढ्यात डबा उघडा होता, हातात चमचा. खाली तिच्या केरळी हिंदीत एवढंच लिहिलं होतं: 'बसून जेवतेय. आज दोनच पेशंट.'

मी तो फोटो वाशीच्या आमच्या हॉस्पिटलात, औषधांच्या कपाटाच्या आडोशाला उभी राहून पाहिला. एका हातात भाजी घालून गुंडाळलेली चपाती, दुसऱ्या हातात मोबाइल आणि कान माझ्या चार बेडांच्या मॉनिटरांकडे. एका मॉनिटरचा आवाज बदलला तशी चपाती खिशात कोंबून मी पळाले. संध्याकाळी घरी आल्यावर ती खिशातून बाहेर काढली, तिचा पार लगदा झालेला. तो कचऱ्यात टाकता टाकता मी नवऱ्याला म्हणाले, "अहो, आपण अमेरिकेला जायचं का?"

तो पंख्याचा रेग्युलेटर उघडून जमिनीवर बसला होता. वर न बघताच म्हणाला, "तू जिथं, तिथं मी. तो बारका स्क्रू दे बघू, तुझ्या पायाजवळ आहे."

मुलगी तेव्हा पहिलीत होती. आम्ही घणसोली गावात भाड्यानं राहायचो. त्या गल्ल्यांत दोन इमारतींच्या खिडक्या इतक्या जवळ असतात, की समोरच्या बाईनं कढईत काय टाकलं हे वासावरून नाही, डोळ्यांनी कळतं. मालकीणबाई खाली राहायच्या. मूळच्या गावातल्याच, आगरी. शेतं नव्या शहरात गेली, मग घराच्या जागी त्यांच्या मुलांनी चार मजले चढवले. गच्चीवर त्या बोंबील वाळत घालायच्या आणि कावळे हाकलायला खुर्ची टाकून बसायच्या. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो.

नवरा तुर्भ्याच्या एका कारखान्यात देखभालीच्या कामाला होता. एसी, कोल्ड रूम, पंप, जे बिघडेल ते. त्याला कधी कुठं जायची घाई नसायची. मला मात्र लहानपणापासून एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. नर्सिंगला गेले तेही त्यामुळंच असेल. वॉर्डात बसायला मिळत नाही. पण धावायला आवडणं वेगळं आणि चार गंभीर पेशंटांमध्ये एकटीनं धावून, कुणालाच पुरेसं बघितलं नाही असं मनाशी घेऊन घरी येणं वेगळं. त्या फोटोतली खुर्ची माझ्या डोक्यातून जाईना.

परीक्षा दोन होत्या. एक तिथल्या नर्सिंगची, एक इंग्रजीची. नर्सिंगची मी ड्युटीवर जाता-येता, रिक्षात वाचून दिली. इंग्रजीचीच भीती होती, कारण समोर बसून बोलायचं होतं. घरात सराव घ्यायला कोण? मुलगी. ती माझ्या चष्म्याची रिकामी फ्रेम लावून बसायची आणि विचारायची, "व्हॉट इज युअर हॉबी?" मी म्हणायचे, "माय हॉबी इज स्लीपिंग." नवरा बाहेरच्या खोलीतून हसायचा. दोन्ही परीक्षा पास झाले. एका एजन्सीमार्फत ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलानं मुलाखत घेतली, निवड झाली, कागद पुढं गेले. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पेढे द्यायला मी कोपरखैरण्याला गेले. आबा साताऱ्याकडचे. उभी हयात तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी म्हणून कांद्याची पोती वाहिली. आता भावाकडे राहतात.

"कधी जायचं?" आबांनी विचारलं.

"वर्षभरात," मी म्हणाले.

तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. पण व्हिसाची रांग असते आणि आपल्या देशातल्यांसाठी ती भलतीच लांब. दर महिन्याला तिकडचं सरकार एक तारीख जाहीर करतं. आपला अर्ज त्या तारखेच्या आधीचा असेल तर बोलावणं येतं. तारीख कधी दोन आठवडे पुढं सरकायची, कधी महिनोन्‌महिने जागची हलायची नाही आणि एकदा तर चांगली दीड वर्षं मागं गेली. तारीख मागं कशी जाते, हे मी आबांना समजावून सांगू शकले नाही. मलाच नीट कळलं नव्हतं.

मग आमच्या घरात एक विचित्र राहणं सुरू झालं. सोफ्याची स्प्रिंग तुटली. म्हटलं, आता कशाला नवा, जायचंच आहे. भिंतींना रंग नको, कपाट नको. तळवलीला नवऱ्याच्या मित्रानं फ्लॅट बुक केला, आम्हाला बाजूचाच मिळत होता. आम्ही बघायलासुद्धा गेलो नाही. हॉस्पिटलात मला इन्चार्ज करायचं ठरलं, तर मीच मॅडमना सांगितलं, दुसऱ्या कुणाला करा, मी मध्येच सोडून जाईन. त्यांनी माझ्यापेक्षा ज्युनिअर मुलीला केलं. पुढं ती मला रजा मंजूर करायची. मी रजेवर काय करायचे? घरभर फिरायचे. भांडी एका फळीवरून दुसऱ्या फळीवर लावायचे. सूटकेसचं माप काढून, कुठल्या वस्तू मावतील ते मनात जुळवायचे.

भाडेकरार दर वर्षी नव्यानं व्हायचा. मावशी अंगठा लावायच्या आणि माझ्याकडं बघून विचारायच्या, "यंदा तरी जातेस का गो? का मना उगाच आशा लावतेस?"

"जाणार मावशी, यंदा नक्की."

"बरा बरा. पान्याची टाकी मातर धुवून जा."

मधल्या काळात नवऱ्याच्या कारखान्यानं देखभालीचं काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकलं आणि त्याची नोकरी गेली. मला वाटलं आता हा खचेल. तो तिसऱ्याच दिवशी खाली जाऊन मावशींशी बोलून आला. तळमजल्यावर त्यांची एक खोली मोकळी होती, जुनं सामान ठेवायची. "तेवढ्यापुरतं एसी रिपेअरिंग चालू करतो," तो म्हणाला. "आपलं बोलावणं येईपर्यंत."

तेवढ्यापुरतं म्हणून उघडलेलं ते दुकान बघता बघता नीट चालायला लागलं. पलीकडच्या टॉवरांमधून फोन यायला लागले. त्यानं कारखान्यातला एक जुना सोबती हाताशी घेतला. इतकी वर्षं जेवताना हूं की चूं न करणारा माणूस आता ताटावर बसून गोष्टी सांगायला लागला. कुठल्या बाईंच्या एसीत चिमणीनं घरटं केलं होतं, कुणी आउटडोअर युनिटवर कुंड्या रचल्या होत्या. त्याचा चेहरा बदलला होता. मी ते बघत होते आणि आनंद होण्याऐवजी धास्तावायचे. हा रुजतोय, असं वाटायचं.

मुलगी सातवीत असताना तिच्या वर्गशिक्षिकेनं मला बोलावून घेतलं. मला वाटलं गणितात मार्क कमी पडले असतील. बाईंनी मार्कांचं काही काढलंच नाही. म्हणाल्या, "तुम्ही लोक अमेरिकेला कधी जाताय?"

"का हो?"

"नाही, ती वर्गात कुणाशी मैत्री करत नाही. भांडत नाही, त्रास नाही, पण एकटी असते. मी विचारलं तर म्हणाली, मी तर जाणारच आहे, कशाला मैत्री करू. म्हटलं तारीख ठरली असेल तर तसं बघू. वर्ष-सहा महिन्यांत जायचं असेल, तर ठीक आहे."

ठरलं नव्हतं. सहा वर्षं काहीच ठरलं नव्हतं. शाळेच्या फाटकाबाहेर मुलगी उभी होती, पाठीवर दप्तर, बाजूनं पोरींचे घोळके चालले होते. सोफा नको, कपाट नको, तशी मैत्रीणही नको असं तिला आम्ही कधी म्हणालो नव्हतो. तिनं आपलं आपणच ऐकून घेतलं होतं. घरी येईपर्यंत मी तिचा हात धरून चालले. एवढी मोठी मुलगी, तिला लाज वाटली असणार, पण तिनं सोडवून घेतला नाही.

त्या रविवारी मी आबांकडं गेले आणि सगळं त्यांच्यापुढं ओतलं. आबा खाटेवर बसून शेंगा सोलत होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, जायाचं आसंल तर जा. ऱ्हायाचं आसंल तर ऱ्हा. पर आसं उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊ नगं. जाणाराबी अडतो, येणाराबी अडतो."

"माझ्या हातात आहे का ते आबा? त्यांच्या सरकारच्या हातात आहे."

"मग त्यान्ला अडू दे. तू का अडतीस?"

मला राग आला. मी चहा न घेता उठले. पण त्या महिन्यात आम्ही नवा सोफा घेतला, निळा. मुलीला वाशीला पोहायच्या क्लासला घातलं. तिथं तिला एक मैत्रीण मिळाली, ओल्या केसांनी दोघी वडा खात बसायच्या. मला वाटलं, बरं झालं, आता डोक्यातून काढून टाकू. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत बोलावणं आलं.

मेडिकल झालं, लसी झाल्या, मग वांद्र्याला अमेरिकन वकिलातीत मुलाखत. सकाळी आम्ही तिघं टॅक्सीनं गेलो. मोबाइल आत चालत नाहीत म्हणून घरीच ठेवले होते, त्यामुळं रस्ताभर एकमेकांशी बोलावं लागलं आणि बोलायला कुणाकडंच काही नव्हतं. खिडकीमागचा अधिकारी तरुण होता. मला त्यानं हॉस्पिटलाबद्दल विचारलं, मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. मग नवऱ्याकडं वळून म्हणाला, "आणि तुम्ही तिथं काय करणार?"

नवऱ्याचं उत्तर आम्ही घोटून ठेवलं होतं. तो ते विसरला. म्हणाला, "सर, माहीत नाही."

अधिकारी हसला, "खरं बोललात," म्हणाला आणि त्यानं पासपोर्ट ठेवून घेतले. व्हिसा मंजूर झाला होता. बाहेर आल्यावर मुलीनं उड्या मारल्या. मी फुटपाथच्या कठड्यावर बसले. सात वर्षं या क्षणाची वाट पाहिली होती आणि आता काही वाटेना. नवरा उसाचा रस घेऊन आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"खरंच माहीत नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"खरंच नाही," तो म्हणाला.

व्हिसा सहा महिन्यांचा होता; त्या मुदतीत तिकडं पोचायचं, नाहीतर सगळं पाण्यात. मी लगेच तिकिटं बघायला लागले. थंडी संपत आली होती. एका दुपारी मी दुकानात गेले. त्याचा सोबती कामावर गेला होता, शटर अर्धं खाली होतं. नवरा एक पंखा पुसत होता.

"तिघांची एकत्रच काढते," मी म्हणाले.

तो पुसत राहिला. "तुम्ही दोघी व्हा पुढं. मी नंतर येतो."

"नंतर म्हणजे?"

"हा एक सीझन करतो. उन्हाळ्याचा. लोकांना शब्द दिलाय."

"कुठल्या लोकांना? तुमच्या बायकोला, पोरीला काही शब्द दिला होता की नाही? तू जिथं तिथं मी, कोण म्हणालं होतं?"

"म्हणालो होतो. तेव्हा माझ्याकडं सोडून जायला काही नव्हतं."

हे त्यानं इतकं साधेपणानं सांगितलं, की मला पुढं भांडता येईना. तरी मी भांडले. सोफ्यापासून इन्चार्जच्या खुर्चीपर्यंत सगळं काढलं. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी मी धडपडले, हो, पण घर एक आहे ना, असं ओरडले. समोरच्या पानाच्या टपरीवरची माणसं बघायला लागली. त्यानं शटर पूर्ण खाली ओढलं. आत अंधार झाला.

"मी येणार नाही असं म्हणालो का?" तो म्हणाला. "एक सीझन दे. मला हे नीट कुणाच्या हातात देऊन येऊ दे. असं अर्धवट उघडं टाकून नाही येता येणार मला."

"आणि नाही आलात तर?"

त्यानं अंधारातच फडकं झटकलं आणि पुन्हा पंखा पुसायला घेतला. तो खोटं बोलत नाही, हीच पंचाईत.

शेवटी मी आणि मुलगी पुढं गेलो. निघताना मावशी गाडीपाशी आल्या. मग मुलीच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "बापाला मी जेवायला घालीन. तुमी काळजी करू नका."

ह्यूस्टनमध्ये माझी ड्युटी आठवड्यातून तीनच दिवस, बारा-बारा तासांची. पेशंट दोन. पहिल्या दिवशी मी जेवणघरात खुर्चीवर बसले, डबा उघडला आणि सवयीनं दहा घासांत संपवून उभी राहिले. सोबतची नर्स म्हणाली, अजून वेळ आहे, बस. मला बसता येईना. उरलेले चार दिवस तर खायला उठायचे. घरासमोर रुंद रस्ता, गवत कापलेलं, माणूस नाही. मी चालायला निघाले की गाडीवाले थांबवून विचारायचे, सगळं ठीक आहे ना, गाडी बंद पडलीय का? तिथं कुणी नुसतं पायी जात नाही. मी मुलीच्या शाळेभोवती फेऱ्या मारायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी पेशंटला मनासारखं बघत होते. एका म्हाताऱ्या बाईचे केस विंचरून वेणी घालायला मला वेळ होता. त्याचं समाधान होतं, खोटं कशाला बोलू. पण घरी आले की दाराची कडी, गॅस, खिडकी असं काहीबाही तपासत राहायचे.

नवऱ्याला मी रोज फोन करायचे. तो एसींच्या गोष्टी सांगायचा. कधी येताय, हे मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं आणि रोज विचारायचे. "बघतोय," तो म्हणायचा. मार्च गेला, एप्रिल, मे गेला. मुलीनं एकदा माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बापाला म्हणाली, "पप्पा, येणार नसाल तर आत्ताच सांगा. मम्मी झोपत नाही. मला पण शाळेत काय सांगायचं ते ठरवायचंय."

पलीकडं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तिकीट काढतो, बाळा."

मुदत संपायच्या आठवड्यात तो आला. विमानतळावर बाहेर आला तो बारीक झालेला, अंगावर दिवाळीला घेतलेला शर्ट. मुलगी धावत जाऊन बिलगली. मी ट्रॉलीचा दांडा धरला. "दुकान?" मी विचारलं.

"सोबत्याला दिलं. पाटी तीच ठेवलीय." मग गाडीकडं चालता चालता म्हणाला, "शेवटच्या दिवशी तीन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. त्यालाच पाठवलं. मी बसून राहिलो."

तो पहिले दोन महिने घरात बसला. तिथलं लायसन्स नसल्यानं त्याला स्वतःचं काम करता येत नव्हतं. पन्नाशीकडं झुकलेला माणूस, एका कंपनीत मदतनीस म्हणून लागला. तापलेल्या माळ्यांवर सरपटत जाऊन नळ्या धरायच्या, पोरगेल्या माणसांचं ऐकायचं. संध्याकाळी आल्यावर तो अंगणात नुसता उभा राहायचा. मी त्याला काही विचारायचे नाही. एकदा तोच म्हणाला, "तुला राग आला का, मी उशीर केला म्हणून?"

"आला होता," मी म्हणाले.

"मलाही आलाय," तो म्हणाला. "पण तुझ्यावर नाही. कुणावर ते कळत नाही."

या वर्षी मी एकटीच इकडं आले, तीन आठवड्यांच्या रजेवर. आबा थकलेत, पण आजारी नाहीत. कोपरखैरण्याच्या त्या घरात दिवसभर माणसांची ये-जा असते आणि तरी मला करमेना. दोन दिवसांत मी वहिनीचे सगळे बरण्या-डबे घासून काढले. मग घणसोलीला गेले. गल्ली तीच, आमच्या खोलीत आता नांदेडकडचं एक जोडपं राहतं. दुकान चालू होतं. सोबत्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, पण त्याचा फोन सतत वाजत होता, म्हणून मी फार थांबले नाही. मावशी बाहेरगावी लग्नाला गेल्या होत्या, भेट झाली नाही.

परतल्यावर मी आबांना विचारलं, "तुम्ही गाव सोडून मार्केटात आलात, तेव्हा तुमच्या जिवाला थारा होता का हो?"

आबांनी पाठ भिंतीला टेकली. "काय की," म्हणाले. "पाठ दुखायची. पडलं की झोप लागायची. त्यो इचार कराया सवडच न्हवती." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला सवड झालीया."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती आता तिथल्या शाळेच्या पोहण्याच्या संघात आहे. रविवारी स्पर्धा होती, पप्पा बघायला येणार होते, तुझं परतीचं विमान त्याच दिवशी आहे तर तू एकटीच घरी ये, आम्ही घ्यायला येणार नाही, चालेल ना, असं ती एका दमात बोलली. मागून कुणीतरी मैत्रीण हाक मारत होती. मी म्हणाले, चालेल. टॅक्सीनं येईन. तिनं फोन ठेवला.

आबा म्हणाले, "काय म्हणती नात?"

"घाईत होती," मी म्हणाले आणि वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेले.